२०८ टर्बो: कर चुकवण्यासाठी बनलेली दोन लिटरची फेरारी

वळणवाट (धागाकर्ता)

गेलं दीड वर्ष कामासाठी इटलीत तोरिनोला आहे. उन्हाळ्यात रविवारी सकाळी इथल्या गावांच्या चौकांत लोक जुन्या गाड्या घेऊन जमतात. कॉफी होते, एकमेकांची इंजिनं उघडून बघून होतात, आणि जेवणाच्या वेळेला सगळे आपापल्या घरी. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याबरोबर अशाच एका चौकात गेलो होतो. तिथे एक लाल फेरारी उभी होती. शाळेत असताना हीच गाडी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती माझ्या, त्यामुळे लांबूनच म्हटलं, "३०८ जीटीबी!" सहकारी नुसता हसला आणि मला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे बारीक तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: टर्बो.

३०८ ला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, कधीच नव्हता. मग जवळ जाऊन नीट बघितलं. मागच्या चाकाच्या पुढे, खाली, होडीच्या आकाराची हवा ओढणारी फट. इंजिनाच्या झाकणावर उंच उठलेल्या जाळ्या. मागच्या बंपरलाही गरम हवा बाहेर सोडायला खाचा. मालक सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी झाकण उघडलं आणि दोन बोटं वर करून सांगितलं, दोन लिटर. फक्त दोन.

आधी मॉडेलच्या नावाचं गणित सांगतो. ३०८ म्हणजे ३.० लिटर आणि ८ सिलिंडर. २०८ म्हणजे २.० लिटर आणि तेच ८ सिलिंडर. आता ही धाकटी बहीण जन्माला का आली, तर करामुळे. १९७३ च्या तेलसंकटाने इटली पार हादरली होती. त्या डिसेंबरात रविवारी खाजगी गाड्या चालवायलाच बंदी होती आणि लोक मोकळ्या महामार्गांवरून सायकली घेऊन फिरत होते. त्यानंतरच्या काळात सरकारने मोठ्या इंजिनांवर जादा मूल्यवर्धित कर बसवला. ऐंशीच्या दशकात २००० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि त्याच्या एक सीसी वर गेलात की ३८ टक्के. मूळ किंमत १०० धरली तर एक गाडी ११८ ला आणि दुसरी १३८ ला. फेरारीच्या किमतीत हा फरक म्हणजे एक दुसरी चांगली गाडी.

मग मारानेल्लोने, म्हणजे फेरारीच्या कारखान्याने, काय केलं? १९७५ मध्ये ३०८ जीटी४ चं इंजिन घेतलं, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७१ मिलिमीटर तसाच ठेवला आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ वरून ६६.८ वर आणला. क्षमता २९२७ वरून थेट १९९१ सीसी. रेषेच्या नऊ सीसी आत. अशा ८४० गाड्या बनल्या. पाच वर्षांनी हेच इंजिन पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या देखण्या जीटीबीत आलं, पण तोवर ताकद १५५ अश्वशक्तीवर आली होती. दिसायला फेरारी आणि पिकअप साध्या सलूनचा. १९८० ते ८१ मध्ये बंद छताच्या (जीटीबी) १६० आणि उघड्या छताच्या (जीटीएस) १४० एवढ्याच बनल्या.

१९८२ च्या तोरिनो प्रदर्शनात मात्र तिला केकेके कंपनीचा एक टर्बो आणि बॉशचं फ्युएल इंजेक्शन लावून उभी केली. ताकद २२०. त्याच सुमाराच्या तीन लिटरच्या इंजेक्शनवाल्या ३०८ ची ताकद होती २१४! म्हणजे एक तृतीयांश इंजिन कापून टाकलं आणि वर सहा घोडे जास्तच मिळाले. रस्त्यावर धावणारी पहिली टर्बो फेरारी ती हीच. २८८ जीटीओ त्यानंतर दोन वर्षांनी आली, एफ४० पाच वर्षांनी. जीटीबी टर्बो ४३७ बनल्या, जीटीएस टर्बो २५०. जवळपास सगळ्या इटलीतच विकल्या गेल्या, म्हणून बाहेरच्या जगाला, आणि मलाही, हिचा पत्ता नव्हता.

मालकांनी मला शेजारी बसवून गावाबाहेर एक फेरी मारून आणली. इंजिनाच्या मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्या होईपर्यंत ही गाडी अगदी शहाण्या मुलासारखी वागते. मग मागून एक बारीक शीळ सुरू होते, पाठ सीटला टेकते, आणि तुम्ही काही बोलायच्या आत पुढचं वळण आलेलं असतं. आवाज ३०८ पेक्षा मऊ आहे, टर्बो त्याची धार खातो. तरी ती शीळ अजून कानात आहे.

लोक हिला "स्वस्तातली फेरारी" म्हणून हिणवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कागदावरच्या एका आकड्याने इंजिनिअरांना कोपऱ्यात गाठलं आणि त्यांनी तिथून टर्बोची वाट काढली. कर चुकवण्यासाठी बनलेल्या अशा आणखी गाड्या कुणाला माहीत असतील तर लिहा.

हिशेबनीस

लेख आवडला. एका शब्दाला मात्र माझी हरकत आहे, आणि ती मी धंद्याने कर सल्लागार आहे म्हणून नाही. शीर्षकात "कर चुकवण्यासाठी" लिहिलंय. चुकवणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. कर चुकवणारा माणूस खोटं सांगतो. इथे फेरारीने काही लपवलं नाही. सरकारने म्हटलं दोन लिटरच्या आत या, ते १९९१ सीसीत आले आणि त्या गाडीचा देय कर भरला. याला कर वाचवणं म्हणतात. आपल्याकडे हे दोन शब्द एवढे स्पष्ट वेगळे असताना त्यांची सरमिसळ करू नये.

वळणवाट (धागाकर्ता)

हरकत शंभर टक्के मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही, पण यापुढे धाग्यात "वाचवणं"च लिहीन.

जुना_कार्ब

मासेरातीचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही, म्हणून लिहितो. फेरारीने मोठं इंजिन लहान केलं. मासेरातीने उलट केलं: गाडीची आखणीच दोन लिटरपासून सुरू केली. तेव्हा कंपनी आलेहान्द्रो दे तोमासोच्या हातात होती आणि त्याला संख्या हवी होती. डिसेंबर १९८१ मध्ये त्याने बिटुर्बो आणली. व्ही६, १९९६ सीसी, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन टर्बो. दोन टर्बो घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेली जगातली पहिली गाडी ती हीच. नावच "दोन टर्बो"! आणि हे सगळं कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागावर. वेबरचा कार्ब एका बंद डब्यात ठेवून त्या डब्यातच दाबाची हवा सोडलेली. कार्ब उघडून जेट साफ केलेल्या माणसाला कळेल की हे धाडस काय होतं. फ्लोट चेंबरमधला दाब आणि बाहेरचा दाब जुळला नाही तर पेट्रोल जेटमधून येणारच नाही. बाहेरच्या देशांसाठी तीच गाडी अडीच लिटरची केली, कारण तिथे ही रेष नव्हती.

गाडी नाजूक निघाली, नाव खराब झालं, हे खरं आहे. पण त्या इंजिनाच्या वंशाने शेवटी काय करून दाखवलं ते बघा. १९९५ ची गिब्ली कप: दोन लिटर, ३३० अश्वशक्ती. लिटरला १६५. तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांत हा आकडा कुणाकडे नव्हता.

त्याआधी टर्बो न लावता नुसती लहान केलेली इंजिनंही होती. लॅम्बोर्गिनीची उराको पी२०० (व्ही८, १९९४ सीसी, जेमतेम ६६ बनल्या) आणि मासेरातीचीच मेराक २०००. दोन्ही सुंदर, दोन्ही दमाला कमी.

घाटमाथा

जुना_कार्ब, त्यात डिनो २०६ जीटी पण धरा ना. तीही दोन लिटरचीच होती.

जुना_कार्ब

नाही, ती वेगळ्या कारणाने. डिनो १९६७-६८ ची, हा कर त्यानंतरचा. फॉर्म्युला टू शर्यतींच्या नियमात इंजिन रस्त्यावरच्या गाडीतून आलेलं हवं होतं आणि अशी किमान ५०० बनवायला लागत होती. फेरारीची तेवढी कुवत नव्हती म्हणून फियाटला बरोबर घेतलं. फियाट डिनो आणि डिनो २०६ त्यातून आल्या. दोन लिटरचा आकडा सारखा दिसतो म्हणून फसायला होतं.

हिशेबनीस

१९८८ च्या सुमाराची बीएमडब्ल्यू ३२०आयएस पण याच कुळातली. फक्त इटली आणि पोर्तुगालसाठी. एम३ चं २.३ लिटरचं इंजिन १९९० सीसीवर आणून साध्या ३ मालिकेच्या अंगात बसवलं. १९२ अश्वशक्ती. टर्बो नाही, म्हणून धाग्याच्या बाहेरची म्हणा हवं तर, पण कारण तेच.

नागोयाकर

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. मी बारा वर्षं नागोयात आहे. जपानमध्ये हीच दोन लिटरची रेष होती, फक्त ती गाडी घेताना लागायची नाही, दरवर्षी लागायची. दोन लिटरपर्यंतच्या गाडीला वर्षाचा कर ३९,५०० येन आणि त्याच्या वर, तीन लिटरपर्यंत, ८१,५०० येन. शिवाय रुंदी १.७ मीटरपेक्षा जास्त झाली तरी तुम्ही वरच्या वर्गात. ते नंबरप्लेटवरही दिसायचं, खालच्या वर्गाला ५ ने सुरू होणारा क्रमांक, वरच्याला ३ ने. शेजाऱ्याने गाडी बदलली की आधी तो आकडा बघायचे, असं आमच्या इमारतीतले आजोबा सांगतात.

म्हणून जपानी कंपन्यांनी दोन लिटरला टर्बो लावण्याचा सपाटा लावला. निस्सानने १९७९ च्या शेवटी सेड्रिक आणि ग्लोरियाला तो लावला, जपानची पहिली टर्बो मोटार. बाहेरच्या देशांत ३००झेडएक्स म्हणून तीन लिटरची जी गाडी विकली जायची तिचा जपानी अवतार होता फेअरलेडी २००झेडआर, सरळ सहा सिलिंडर, दोन लिटर, टर्बो. १९८९ मध्ये हा फरक सरकारने मोडून काढला आणि मोठ्या इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

पण मला जीव लावणाऱ्या गाड्या त्याहून लहान वर्गातल्या, केई म्हणतात त्याला. ६६० सीसी, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर. त्यात बसलात तर कर कमी, विमा कमी, आणि कित्येक ठिकाणी पार्किंगचा दाखला आणायची कटकटही कमी. ही चौकट होती साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीसाठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच चौकटीत सुझुकीने कापुचिनो बसवली आणि माझदाने ऑटोझाम एझेड-१. दोन्हींत ६५७ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ६४ अश्वशक्ती. हा ६४ चा आकडा कायद्याचा नव्हे, कंपन्यांनी आपसात ठरवलेला. एझेड-१ चे दरवाजे पंखासारखे वर उघडतात आणि इंजिन पाठीमागे. माझ्या शेजारच्या गल्लीत एक पिवळी कापुचिनो आहे. जेमतेम ७०० किलोची. रविवारी तो मुलगा ती हाताने धुतो, छताचे तुकडे एक एक काढून डिकीत ठेवतो आणि निघतो. त्याच्या बाजूला एखादी अल्फार्ड (टोयोटाची मोठी व्हॅन) थांबली तर कापुचिनोचं छप्पर तिच्या खिडकीच्या खाली राहतं.

स्पॅनर_सांगली

ताई, कापुचिनोचं पहिलं इंजिन एफ६ए ना? म्हणजे ते आपल्या मारुती ८०० च्या एफ८बी च्या घरातलं. एकाच मालिकेतली इंजिनं ती. चाळीस वर्षं ८०० खोलतोय, कधी वाटलं नव्हतं तिचा भाऊ टर्बो लावून असा फिरत असेल.

वळणवाट, एक विचारायचंय. बोअर ६६.८ लिहिलंय ते बरोबर आहे ना? टायपिंगची चूक नाही ना?

वळणवाट (धागाकर्ता)

बरोबर आहे काका. ६६.८ गुणिले ७१. आठ सिलिंडर धरून हिशेब १९९०.६ येतो. एका सिलिंडरला साधारण २४९ सीसी.

स्पॅनर_सांगली

मग ऐका. ८०० चा बोअर ६८.५, स्ट्रोक ७२. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी. एका सिलिंडरला २६५. म्हणजे आपल्या ८०० चा पिस्टन त्या फेरारीपेक्षा मोठा आहे! जुन्या ओतीव बुलेट ३५० चा तर ७० होता. रात्रीपासून डोक्यात हेच चाललंय. ज्या गाडीच्या पोस्टरपुढे आम्ही उभे राहायचो तिच्या पोटात मारुती ८०० च्या मापाचे पिस्टन.

घाटमाथा

काका, हे वाचून अंगावर काटा आला.

टर्बोबद्दल एक सगळ्यांसाठी. माझ्याकडे आधी एक जुनी टर्बो डिझेल होती. खंबाटकी चढून वर आलो, चहाला थांबलो आणि लगेच चावी फिरवून इंजिन बंद केलं. असं वर्षभर केलं. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथल्या तिथे जळून त्याची काजळी झाली आणि एक दिवस वाईजवळ निळा धूर सोडून गाडी बसली. मेकॅनिकने टर्बो काढून दाखवला तेव्हा आतला दांडा बोटाने हलत होता. चढ संपल्यावर इंजिन मिनिटभर रिकामं चालू द्यायचं, एवढंच कुणी सांगितलं असतं तर पंचवीस हजार वाचले असते. या जुन्या २०८ लाही तोच धोका असणार, नाही का?

वळणवाट (धागाकर्ता)

अगदी तोच. मालकांनी चौकात आल्यावर लगेच बंद केली नाही, उभ्या उभ्या बोलत राहिले, आणि मला वाटलं की ते आवाज ऐकवतायत! नंतर सांगितलं की पहिल्या टर्बोला फक्त तेलाचाच थंडावा आहे. १९८६ मध्ये गाडी सुधारली तेव्हा आयएचआय कंपनीचा पाण्याने थंड होणारा टर्बो आला आणि त्याबरोबर टर्बोतून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर. ताकद २५४ झाली. नावातून २०८ गेलं, नुसतं जीटीबी टर्बो आणि जीटीएस टर्बो राहिलं. ३०८ आणि ८२८ अशा बनल्या. (बंद छताच्या नेमक्या ३०८ हा निव्वळ योगायोग.) पहिल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) ७:१ इतकं खाली आणलेलं आहे, म्हणून टर्बो जागा होईपर्यंत ती एवढी सुस्त वाटते.

साधा_प्रश्न

मी वेगळं बोलते, राग मानू नका. ज्याला फेरारी परवडते त्याने ३८ टक्के भरले तर काय बिघडलं? सरकारला ज्यांच्याकडून घ्यायचं होतं त्यांनाच कंपन्यांनी पळवाट काढून दिली. इंजिनिअरिंगचं कौतुक ठीक आहे, पण तो पैसा कुठल्या तरी शाळेला, दवाखान्याला गेला असता.

हिशेबनीस

प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की चूक रेषेच्या जागेत होती. श्रीमंतांकडून घ्यायचं तर किंमतीवर घ्या. सरकारने सीसी मोजले. सीसी मोजले की लोक सीसी कमी करणार, किंमत नाही. परिणाम असा झाला की महागडी दोन लिटरची मासेराती घेणारा १८ टक्क्यांत सुटला आणि सात माणसांच्या कुटुंबासाठी अडीच लिटरची पेट्रोल गाडी घेणारा ३८ मध्ये अडकला. १९९३ पासून युरोपची सामाईक बाजारपेठ आली आणि असे वाढीव दर ठेवायला मनाई झाली, तेव्हा हा प्रकार संपला. आपल्या महाराष्ट्रात वाहनकर गाडीच्या किमतीवर टक्केवारीने लागतो, त्या बाबतीत आपली पद्धत सरळ आहे असं मी म्हणेन.

साधा_प्रश्न

किमतीवर लावावा, हे पटलं.

चाकण_शिफ्ट

महाराष्ट्राचा वाहनकर किमतीवर आहे, पण गाडी कारखान्यातून निघतानाचा कर? २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. उत्पादन शुल्क २४ वरून १६ वर. त्यानंतर आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांनी रस्त्यावर बघितलंय. इंडिगोची शेपटी कापून २००८ मध्ये इंडिगो सीएस आली. २०१२ च्या डिझायरची डिकी ३९९५ मिलिमीटरवर थांबली. पाच मिलिमीटर आत! मारानेल्लोचे नऊ सीसी आणि गुडगावचे पाच मिलिमीटर, मला तर एकाच माणसाने मोजल्यासारखे वाटतात.

त्याच चौकटीत चांगल्या टर्बो गाड्याही आल्या. माझी स्वतःची पोलो जीटी टीएसआय, चाकणलाच बनलेली, ११९७ सीसी, १०५ अश्वशक्ती, सात गियरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आज त्या रस्त्यावर क्वचितच दिसतात. टियागो जेटीपी तर त्याहून दुर्मीळ: २०१८ मध्ये टाटा आणि कोइम्बतूरच्या जयम यांनी मिळून काढली, १.२ लिटर टर्बो, फार थोडी वर्षं मिळाली. सहा-साडेसहा लाखांत एवढी मजा परत कुणी दिली नाही.

आणि २०१६ आठवतंय का? डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्राने महिन्याभरात स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी २.२ चं इंजिन १.९९ लिटरवर आणलं. ती रेष कराची नव्हती, पण आकडा बघा, परत तोच दोन लिटर. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क लावून बंदी उठली.

हिशेबनीस

चाकण_शिफ्ट, तुमच्या माहितीत ताजी भर घालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. त्याच चार मीटर, १२०० आणि १५०० च्या चौकटीतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के. उपकर गेल्यामुळे मोठ्या गाड्यांचाही एकूण कर आधीपेक्षा कमीच झाला, हे खरं. पण जोडी बघा: तेव्हाची इटली १८ आणि ३८, आजचे आपण १८ आणि ४०. हा धागा वाचेपर्यंत माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

घाटमाथा

मग आपल्याकडे १२०० सीसीची एखादी वेडी स्पोर्ट्स कार यायला हवी आता. मी पहिला रांगेत.

चाकण_शिफ्ट

+१. मागे इंजिन, दोन सीटा, चार मीटरच्या आत. जपानने ६६० सीसीत करून दाखवलं, आपल्याकडे १२०० आहेत.

स्पॅनर_सांगली

आज दुकानात ८०० चं एक जुनं इंजिन खोललं होतं. रीबोअर न झालेलं (सिलिंडर घासून मोठे न केलेलं), कंपनीचा मूळ पिस्टन. रॉकेलने धुतला, काजळी काढली आणि व्हर्नियर लावला. खालच्या स्कर्टवर ६८.४५ आला. वापराने थोडी झीज धरा, आणि पिस्टन बोअरपेक्षा किंचित लहान असतोच. मग पुठ्ठ्यावर कंपासने ६६.८ चं वर्तुळ काढून कापलं आणि पिस्टनच्या डोक्यावर ठेवलं. सगळीकडून जेमतेम पाऊण मिलिमीटर कडा उरते. दुकानातल्या दोन्ही पोरांना दाखवलं. एकाचा विश्वास बसेना, त्याने स्वतः परत मोजलं.

वळणवाट (धागाकर्ता)

काका, एक विनंती. तो पिस्टन, ते पुठ्ठ्याचं वर्तुळ आणि व्हर्नियर असा एक फोटो काढून पाठवाल का? पुढच्या रविवारी त्या चौकात परत जाणार आहे. त्या गृहस्थांना दाखवायचाय.

स्पॅनर_सांगली

उद्या सकाळी उजेडात काढतो. आज दुकानाची लाइट गेलीय.